जुना भोंगा भंगारात घालण्याआधी : दुरुस्ती कशी होते, पार्ट कुठे मिळतात

गेल्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं त्या रात्री आमच्या गावात लाईट नव्हती. पाणी सोडणार असा मेसेज ग्रुपवर आला होता, पण लाईट दुपारपासून गेलेली, निम्म्या लोकांचे मोबाईल बंद, राहिलेल्यांना रेंज नाही. देवळावरचा भोंगा बॅटरीवर चालतो. ग्रामपंचायतीच्या शिपायानं माईक हातात घेतला, मशीनचा लाल दिवा लागला, पण भोंग्यातून हूं की चूं नाही. शेवटी पोरं मोटारसायकलवर वस्त्या-वस्त्या फिरली. नदीकाठच्या ज्या मोटारी काढायच्या राहून गेल्या त्यात एक माझी होती.

नंतर बैठक झाली. दोन्ही जुने भोंगे भंगारात द्यायचे आणि नवे घ्यायचे असं ठरत आलं होतं. भंगारवाला ते अॅल्युमिनियमच्या भावानं किलोवर घेणार होता. मी म्हटलं, आधी तालुक्याला दाखवून आणतो, मग काय ते ठरवा. तिथे रेडिओ आणि लाऊडस्पीकर दुरुस्त करणारे एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेली, पण हात अजून स्थिर. त्यांनी पहिला भोंगा खोलला तर कर्ण्याच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, आणि आत कॉईलची केसासारखी तार टाक्यापाशी तुटलेली. चहा येईपर्यंत भोंगा बोलायला लागला. दुसऱ्याचा मात्र डायफ्राम जळाला होता, तो का जळाला ते पुढे येईल. त्यानंतर सुगीची कामं सांभाळून काकांच्या दुकानात बरेच दिवस बसलो. तिथे पाहिलं आणि हातानं केलं तेवढंच इथे लिहितो आहे. आपल्या भागात असे भोंगे देवळांवर, शाळांत, तालमीत आणि जुन्या साउंड सर्व्हिसवाल्यांच्या माळ्यावर अजून पुष्कळ आहेत.

भोंग्यात असतं काय

आपण सगळ्याला मिळून भोंगा म्हणतो, पण त्याचे दोन भाग वेगळे आहेत. पुढचा पसरट पत्र्याचा तो कर्णा. त्याच्या मागे स्क्रूवर बसवलेला जड गोल डबा म्हणजे युनिट. खरा आवाज युनिटमध्ये तयार होतो, कर्णा तो लांब फेकतो. कर्ण्याची नळी आतल्या आत दुमडलेली असते. आवाज मधल्या नळीतून पुढे जातो, वळून मागे येतो आणि परत पुढे निघतो. म्हणून दोन हाताच्या कर्ण्यात पाच-सहा हाताची वाट मावते.

युनिटच्या आत एक चुंबक, त्यात गोल फिरलेली अगदी अरुंद फट आणि त्या फटीत तरंगणारी तारेची कॉईल. कॉईल ज्या पातळ वाटीसारख्या पडद्याला चिकटवलेली असते तो डायफ्राम. जुने डायफ्राम तपकिरी, राळ चढवलेल्या कापडाचे असायचे, नंतर अॅल्युमिनियमचे आणि प्लास्टिकच्या फिल्मचे आले. काही भोंग्यांत युनिटच्या मागच्या टोपणाखाली एक छोटा ट्रान्सफॉर्मरही असतो. त्याला लाईन ट्रान्सफॉर्मर म्हणतात.

बिघडतं ते बहुतेक वेळा डायफ्राम, तार नाहीतर ट्रान्सफॉर्मर. कर्णा आणि चुंबक सहसा बिघडत नाहीत. आणि वजन असतं ते याच दोघांचं, म्हणजे भंगारात आपण चांगला भाग विकून येतो.

कॉईल हलवून आवाज काढायची ही रीत शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. 1915 मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी कर्णा लावून उघड्यावर हजारो लोकांना आवाज ऐकवला होता. आपल्याकडे जुन्या भोंग्यावर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी दिसली तर तो अमेरिकेचा माल समजू नका. नाव तिकडचं असलं तरी कंपनी इथल्याच मोटवाने कुटुंबाची. स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या मोठमोठ्या सभांना याच कंपनीचे माईक आणि भोंगे असत. अशी पाटी असलेला कर्णा हाताशी लागला तर रंगवायच्या नादात ती पाटी खरडू नका. गावोगाव सगळ्यात जास्त दिसतो तो ‘अहुजा’. ही दिल्लीची कंपनी 1940 पासूनची आहे आणि आजही हाच माल करते, त्यामुळे तिच्या युनिटचे पार्ट मिळणं त्यातल्या त्यात सोपं.

आधी तपासा, मग खोला

बरेच जण भोंगा गप्प झाला की लगेच युनिट काढतात. काका आधी वायर बघतात. देवळाच्या शिखरापर्यंत गेलेली वायर उन्हानं तडकलेली असते, उंदरानं कुरतडलेली असते, जोडावरची टेप सुटून तांबं हिरवं पडलेलं असतं. दुसरा चालू स्पीकर त्याच वायरीला लावून बघा. तो वाजला तरच भोंगा खाली उतरवा. उतरवताना मशीन बंद पाहिजे. 100 व्होल्टच्या लाईनवर बोलणं चालू असताना हात लागला तर झटका बसतो, आणि माणूस शिडीवर असला तर झटक्यापेक्षा पडण्याचंच भय जास्त.

भोंगा खाली आला की साधा मल्टीमीटर ओहमवर ठेवून युनिटच्या दोन टोकांना लावा. 16 ओहमचं युनिट चांगलं असेल तर साधारण 11 ते 13 दाखवतं, 8 ओहमचं 6 ते 7. लिहिलेल्या आकड्यापेक्षा थोडं कमीच येणार, ते बरोबर आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली किंवा कॉईल जळली. एकच काळजी घ्या. ट्रान्सफॉर्मर असलेल्या भोंग्यात बाहेरच्या टोकांवर मीटर लावलं तर ते ट्रान्सफॉर्मरची तार मोजतं, युनिटची नाही. टोपण उघडून युनिटच्या वायरी सोडवायच्या आणि दोन्ही वेगवेगळं मोजायचं. आमच्या पहिल्या भोंग्याच्या वेळी इथेच मी फसलो. बाहेरून मीटर आकडा दाखवतंय म्हणून मी युनिट चांगलं धरून बसलो होतो.

मीटर नसेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या आणि दोन वायरी क्षणभर टेकवा. कर्ण्यातून ‘टक’ असा स्वच्छ आवाज आला तर कॉईल जिवंत आहे. खरखरीत, दबका ‘खर्र’ आला तर कॉईल फटीत घासते आहे. टेकवून धरून ठेवू नका.

आवाज येतो पण लांब जात नाही, कोंडल्यासारखा वाटतो, अशी तक्रार असेल तर युनिट काढून कर्ण्याच्या नळीत उजेड पाडून बघा. कुंभारणीचं घर, चिमणीच्या काड्या, मुंग्यांची माती, पावसाचं साठलेलं पाणी, आम्ही हे सगळं काढलेलं आहे. एका शाळेच्या कर्ण्यातून तर खडू निघाले. नळीत सळई खुपसून माती काढताना कर्ण्याच्या आतल्या भागाला पोचा पाडू नका. माती पाण्यानं भिजवायची, मऊ झाली की निघते. मग कर्णा एक दिवस उन्हात तोंड खाली करून ठेवायचा. परत बसवतानाही तोंड थोडं खालीच झुकलेलं हवं, म्हणजे पाणी आत थांबत नाही. तोंडाला बारीक जाळी लावली तर कुंभारीण आत जात नाही, आवाजाला काही होत नाही.

डायफ्राम बदलताना

ही खरी कामाची जागा आहे आणि घाईनं सगळ्यात जास्त युनिट इथेच खराब होतात.

काम करायच्या टेबलावर लोखंडाचा कीस, स्क्रू, मोळे काही नको. फटीतलं चुंबक इतकं जोरदार असतं की शेजारचा स्क्रूसुद्धा उडी मारून आत जातो. वर्तमानपत्र अंथरलेलं चांगलं. मागच्या टोपणाचे स्क्रू काढायचे, डायफ्रामची चकती आणि डबा यांच्यावर पेन्सिलीनं एकच रेघ ओढून ठेवायची, म्हणजे बसवताना तीच बाजू येते. वायरी सोल्डर गननं सोडवायच्या आणि चकती सरळ वर उचलायची, तिरकी नाही.

कॉईल नुसती टाक्यापाशी तुटली असेल तर डायफ्राम बदलायची गरजच नाही. तारेचं टोक ब्लेडनं हलकं खरवडून वरचं वार्निश काढायचं, कथील लावायचं आणि बारीक मऊ तारेचा जोड द्यायचा. जोड थोडा ढिला ठेवायचा, ताणलेला तुटतो. कॉईल काळी पडली असेल, वेढे सुटले असतील, वाटीला तडा गेला असेल तर मात्र नवीनच घाला.

नवीन बसवायच्या आधी फट साफ करणं महत्त्वाचं. जाड कागदाच्या पट्टीवर चिकटपट्टी उलटी गुंडाळायची, चिकट बाजू बाहेर, आणि ती फटीतून गोल फिरवायची. कीस आणि जळालेल्या कॉईलची राख चिकटून वर येते. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत करत राहायचं. फुंकर मारून काही होत नाही, चुंबकाला धरलेला कीस फुंकरीनं सुटत नाही.

मग डायफ्राम हळूच सोडायचा. तो आपल्या वजनानं फटीत बसला पाहिजे, दाबावा लागला तर माप चुकलं किंवा कॉईल वाकडी आहे. स्क्रू एकदम घट्ट नाही करायचे. समोरासमोरचे थोडे-थोडे, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे. प्रत्येक फेरीला बोटानं डायफ्रामला अगदी हलकं टेकवून बघायचं, घासल्याचा आवाज नको. शेवटी युनिट कर्ण्यावर चढवूनच आवाज द्यायचा. कर्ण्याशिवाय उघडं युनिट मोठ्यानं वाजवलं तर डायफ्रामला पुढून हवेचा दाब मिळत नाही, तो गरजेपेक्षा जास्त हलतो आणि फाटतो. नवा डायफ्राम अशा ‘टेस्टिंग’मध्ये गेलेला मी डोळ्यानं पाहिलाय.

चुंबक खोलायचं नाही, कितीही मोह झाला तरी. जुन्या युनिटमध्ये अल्निको जातीचं चुंबक असतं, म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट घातलेलं लोखंड. ते त्याच्या लोखंडी घरातून बाहेर काढलं की त्याची ताकद उतरते आणि परत बसवल्यावर भरून येत नाही. पुढच्या काळातल्या काळ्या फेराइट चुंबकाची ताकद तशी जात नाही, पण चकत्या सरकल्या तर फट एकसारखी राहत नाही. आपल्या हातानं ती परत जुळवणं अवघड.

जळतो कशानं

आमचा दुसरा भोंगा एका लग्नात जळाला. मांडवातल्या डीजेवाल्यानं आपल्या मशीनला हा भोंगाही जोडला आणि बेस वाढवला. भोंग्याचा कर्णा जाड आवाज काढूच शकत नाही, त्याची लांबी-रुंदी तेवढी नसते. पण मशीन तो आवाज पाठवतंच. मग डायफ्राम नुसता मागे-पुढे आपटत राहतो, बाहेर काही ऐकू येत नाही म्हणून माणूस आवाज आणखी वाढवतो, आणि कॉईल जाते. भोंग्याला बेसचं बटण नेहमी खाली. भजन असो की सूचना, माणसाचा आवाज त्याच्याशिवायही स्पष्ट कळतो, उलट जास्त स्पष्ट कळतो.

दुसरं कारण जोडणी. मशीनच्या मागे 4, 8, 16 ओहम आणि 100 व्होल्ट अशी वेगवेगळी टोकं असतात. ट्रान्सफॉर्मर नसलेलं 16 ओहमचं युनिट चुकून 100 व्होल्टच्या टोकाला लावलं तर हिशोब असा : 100 गुणिले 100 भागिले 16, म्हणजे 625 वॅट. तीस वॅटच्या युनिटवर एवढा भार पडल्यावर कॉईल पहिल्याच ‘हॅलो’ला जाते. उलटं केलं, ट्रान्सफॉर्मरवाला भोंगा 16 ओहमला लावला, तर काही जळत नाही, पण आवाज इतका बारीक येतो की लोक भोंगाच बिघडला म्हणतात.

दोन 16 ओहमची युनिटं समांतर जोडली की 8 होतात, चार जोडली की 4. मशीनचं टोक त्याप्रमाणे निवडायचं. 100 व्होल्टच्या लाईनवर ओहमची कटकट नाही. सगळ्या भोंग्यांच्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही, बस.

वायर लांब असेल तर 100 व्होल्टची लाईनच बरी. एक स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर 200 मीटर नेली तर जाऊन-येऊन 400 मीटर होते आणि तिचा स्वतःचा रोध 7 ओहमच्या आसपास भरतो. पुढे 8 ओहमचा भोंगा असेल तर जवळपास निम्मी ताकद वायरीतच जिरली. तोच 30 वॅटचा भोंगा 100 व्होल्टवर लाईनला 333 ओहमचा दिसतो, तिथे वायरीचे 7 ओहम काहीच नाहीत. देवळापासून लांबच्या वस्तीवर भोंगा लावायचा असेल तर एवढा हिशोब करून मगच वायर घ्या.

रेडिओतले आणि पेटीतले जुने स्पीकर

हे भोंग्यापेक्षा नाजूक काम. यात कागदाचा शंकू असतो, त्याला कोन म्हणतात. मर्फी, फिलिप्स, बुश असे रेडिओ अजून कोणाकोणाच्या घरात कपाटावर आहेत. कोन फाटला असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा आणि पाणी घालून पातळ केलेलं फेविकॉल पुरतं. दोन्ही बाजूंनी एकेक पातळ थर, जास्त नाही. जाड ठिगळानं आवाज बदलतो. कोनाच्या कडेची घडी कागदाची किंवा कापडाची असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते, फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो. फोमच्या कडा मापानं नवीन मिळतात, बाकी स्पीकर तोच राहतो.

कॉईल घासत असेल तर मधली टोपी ब्लेडनं सोडवून कॉईल आणि लोखंडाच्या मधे चारी बाजूंनी जुन्या फोटो-निगेटिव्हच्या पट्ट्या घालायच्या. त्यानं कॉईल मधोमध येते. मग कड चिकटवायची आणि गोंद पूर्ण वाळल्यावरच पट्ट्या काढायच्या. कॉईलला मात्र फेविकॉल चालत नाही, उष्णतेनं सुटतं, तिथे अॅरल्डाइटसारखा दोन ट्यूबचा गोंद.

व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर हौस म्हणून हात घालू नका. आत दोन-अडीचशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात. फार जुन्या सेटमध्ये तर स्पीकरला चुंबकच नसतं, त्याऐवजी तारेचं मोठं वेटोळं असतं आणि ते रेडिओच्या सप्लायचाच भाग असतं. तो स्पीकर काढून नवा बसवला की रेडिओच बंद पडतो. आणखी एक, व्हॉल्व्हचं मशीन स्पीकर न जोडता चालू करायचं नाही, त्यातला आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. तो मिळवणं डायफ्रामपेक्षा कितीतरी कठीण.

पार्ट कुठे मिळतात

पहिली जागा आपल्याच तालुक्यातली. जी साउंड सर्व्हिस आता डीजेवर गेली, तिच्या माळ्यावर जुनी युनिटं धूळ खात असतात. दोन जळक्या युनिटमधून एक चांगलं करता येतं. भंगारवाल्याला सांगून ठेवा, तो कर्णा चेपायच्या आधी फोन करतो, आमच्याकडचा तरी करतो.

पुण्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. मुंबईला ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. जुन्या रेडिओचे सांगाडे, बटणं, पाट्या असलं काही हवं असेल तर चोर बाजार. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये या धंद्यातला ठोक माल असतो, तिथून कुरिअरनं मागवता येतो.

दुकानात ‘अहुजाचा डायफ्राम द्या’ एवढं सांगून जमत नाही, मापं खूप आहेत. जुना डायफ्राम सोबत न्या. फोनवर मागवत असाल तर पट्टी शेजारी ठेवून वरून आणि बाजूनं फोटो काढा आणि चार गोष्टी लिहून पाठवा : कॉईलचा आतला व्यास, चकतीचा बाहेरचा व्यास, स्क्रूची भोकं किती, आणि ओहम किती. कॉईलचं माप व्हर्निअरनं घ्या. अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी घासतो. स्वस्त नकली डायफ्रामही खूप आले आहेत. कॉईल डोळ्यासमोर धरून फिरवा, गोल नसेल, वेढे एकावर एक चढलेले दिसले, तर परत द्या. खरा डायफ्राम महाग वाटला तरी नव्या युनिटपुढे त्याची किंमत किरकोळच.

दुरुस्त भोंगा चढवल्यावर नियमाचंही बघा, कारण त्यावरून गावात भांडणं होतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 तो बंद ठेवावा लागतो. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचा निदान 100 मीटरचा भाग सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. मात्र सार्वजनिक संकटात, म्हणजे पुरासारख्या वेळी, रात्रीच्या बंदीला त्याच नियमात सूट आहे. हे पोलीस पाटलांना आणि सरपंचांना माहीत असलेलं बरं. त्या रात्री आमच्याकडे एकानं ‘दहा वाजून गेले, आता भोंगा लावता येतो का’ असं विचारलं होतं.

आमचा पहिला भोंगा परत देवळावर गेलाय. दर अमावस्येला बॅटरीवर दोन मिनिटं बोलून बघायचं असं ठरलंय, शिपायानं वहीत लिहून ठेवलंय. मशीनजवळ एका डब्यात फ्यूज, चिकटपट्टी, दोन मीटर वायर आणि बॅटरीचे चिमटे ठेवलेत. दुसरं युनिट अजून काकांकडेच आहे. पुण्यात त्या मापाचा डायफ्राम मिळाला नाही, दिल्लीला फोटो पाठवलेत. कॉईलचा आतला व्यास 51 मिलिमीटर, 16 ओहम, तपकिरी कापडाचा. कोणाच्या माळ्यावर पडला असेल तर पोर्टलच्या तालुका प्रतिनिधीकडे निरोप द्या, मृगाच्या आधी मिळाला तर बरं होईल.